द्राक्षं उपासाला चालतात

७ ऑक्टोबर २०२५
ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर

अपेक्षा,

आशीर्वाद आहेतच. ते सविस्तर लिहीत बसत नाही, कारण मला भांडायचं आहे आणि तेवढ्याला कागद पुरला पाहिजे.

तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस, आणि गप्प बसतेस. सुनेनं सासूशी बोलूच नये इतकं मी काय केलंय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. संक्रांत झाली आणि तू बॅग भरून पाचोडला माहेरी निघून गेलीस. जाताना वाकून नमस्कार केलास, "येते आई" म्हणालीस. आता दिवाळी तोंडावर आली. "येते" म्हणून गेलेलं माणूस इतके महिने फिरकत नाही, याला काय म्हणायचं?

चिन्मयला विचारलं तर तो म्हणतो, "आई, तू यात पडू नकोस." मी त्याची आई आहे. मी नाही पडायचं तर काय शेजाऱ्यांनी पडायचं? एवढं मात्र मला ठाऊक आहे की तुझ्या नोकरीवरून तुमचं वाजलं. औषधांच्या कंपनीतली नोकरी सोडून तुला त्या वाइनरीत वाइन करायला जायचं होतं आणि त्याला ते नको होतं. बरं. नवरा-बायकोत याहून मोठी भांडणं होतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत मिटतात. आमची तर जेवतानाच होतात आणि ताकभातापर्यंत संपतात. तुमच्याच भांडणाचं एवढं लोणचं घालून ठेवायचं काय कारण?

आता मुद्द्याचं. भाऊबीजेला माझा भाऊ श्रीरंग आणि त्याची बायको मनस्विनी ठाण्याहून येताहेत. त्यांना आम्ही असं सांगितलंय की सारजाबाईंना बरं नसतं, म्हणून तू आईची सेवा करायला पाचोडला आहेस. आम्ही म्हणजे चिन्मयनं सांगितलं. मी फोनवर फक्त "हो ना, बिचाऱ्या" एवढंच म्हणाले. तेव्हा तुझ्या आईला सांगून ठेव, कुणाचा फोन आलाच तर कंबर धरलीय म्हणावं. त्या ऐकतील असं मला वाटत नाही, पण सांगून ठेव.

मनस्विनीनं सुट्टीचा कार्यक्रम आधीच आखून पाठवलाय. वेरूळ, अजिंठा, मकबरा, पैठणला जाऊन पैठणी, आणि एक वाइनरी. तिथं जाऊन वाइन चाखायची असते म्हणे. हल्ली सगळेच जातात. मी म्हटलं, आमच्याकडं लोक घृष्णेश्वराला जातात. तर म्हणाली, "ताई, ते सकाळी करू की!"

तू पाडव्याला तरी ये. चार दिवस राहा आणि पाहुणे गेले की परत जा हवं तर. चकलीची भाजणी मी केली आहे, पण पीठ भिजवायला तुझाच हात लागतो. माझ्या चकल्या तुटतात. तुझे सासरे ते तुकडे शेव समजून खातात आणि काही बोलत नाहीत, त्याचाच मला जास्त राग येतो.

लगेच उत्तर पाठव.

पद्मजा


२४ ऑक्टोबर, संध्याकाळ

अपेक्षा,

आली नाहीस. उत्तरही नाही.

फराळाचा डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होता, तो मात्र त्याच कंडक्टरबरोबर परत आला, आणि रिकामा नाही, मोसंब्या भरून आला. म्हणजे डबा रिकामा परत करू नये हे तुला कळतं. सासूच्या पत्राला दोन ओळी लिहाव्यात हे कळत नाही. मी डबा तीनदा उपडा केला. चिठ्ठी नव्हती. मोसंब्या गोड होत्या, तेवढं सांगते.

पाहुणे कालच आले. मी श्रीरंगला ओवाळलं. त्यानं मला स्मार्ट घड्याळ दिलं, जे दर तासाला मला उठून उभं राहायला सांगतं. दिवाळीच्या चार दिवसांत मी बसले कधी होते ते त्या घड्याळाला विचारावंसं वाटतं.

आज अजिंठा झालं. चिन्मयनं गाडी चालवली आणि जाता-येता रस्त्याला शिव्या दिल्या. श्रीरंगचे गुडघे पहिल्याच लेण्यात बोलायला लागले. मनस्विनीनं प्रत्येक ठिकाणी माझे फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत मला "ताई, जरा हसा ना" म्हणाली. मी हसतच होते, माझा चेहरा तसाच आहे.

पण खरा ताप दुसराच आहे. दर अर्ध्या तासानं तिचं सुरू होतं. "अपेक्षा किती करते ना आईचं! हल्लीच्या मुली कुठं करतात एवढं!" मी म्हणते, "हो ना." चिन्मय म्हणतो, "हो ना मामी." हे "हो ना" म्हणून म्हणून माझी जीभ झिजायची वेळ आली आहे. आणि दुपारी गाडीत ती म्हणते, "उद्या त्या बाजूला जातोच आहोत, तर सारजाबाईंना भेटून येऊ. आजारी माणसाला बरं वाटतं." चिन्मयचा पाय एकदम ब्रेकवर गेला. "डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका म्हणून सांगितलंय," म्हणाला. कंबरदुखीला असं कोण डॉक्टर सांगतो? पण मनस्विनीनं लगेच "अरे देवा!" म्हणून छातीवर हात ठेवला. तुझ्या आईचं दुखणं माझ्या डोळ्यांदेखत वाढत चाललंय, आणि वाढवणारा माझा मुलगा आहे.

उद्या त्या वाइनरीत जायचंय. बीड रोडला आहे म्हणे कुठंतरी. कुठली ते मला माहीत नाही, मनस्विनीनं मोबाइलवर बघून ठरवली आहे. उद्या चतुर्थी, म्हणजे माझा उपास. मी नुसती बसून राहीन.

पद्मजा


२६ ऑक्टोबर

अपेक्षा,

डोकं कालपासून ठणकतंय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे.

तुझ्यासमोर जे घडलं ते तू पाहिलंस. तुझी पाठ वळल्यावर आणि नंतर गाडीत जे घडलं ते तुला माहीत नाही, ते लिहायला बसले आहे. आधी एक सांगते. कुठली वाइनरी ते मला माहीत नाही असं मी परवा लिहिलं, ते खोटं होतं. तू स्टेटसला फोटो ठेवला होतास, मागं पाटी दिसत होती. ती मी मोठी करून वाचली होती आणि मनस्विनीला म्हटलं होतं, "हीच बघा, हिचं नाव ऐकलंय." तू फोन उचलत नाहीस, पत्राला उत्तर देत नाहीस, मग मी काय करायचं होतं? पाचोडच्या बाजारात दवंडी पिटायची होती?

चिन्मयला यातलं काही ठाऊक नव्हतं. आडूळ मागं पडलं, गाडी कच्च्या रस्त्याला वळली आणि पाटी समोर आली, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "हीच?" म्हणाला. "हीच!" मनस्विनी म्हणाली, "पाच जणांचं बुकिंग केलंय." बिचारा काही बोलू शकेना. बोलला असता तर आईचं आजारपण, तुझी सेवा, सगळंच उघडं पडलं असतं. स्वतः रचलेल्या गोष्टीत स्वतःच अडकून बसला. खरं सांगते, तेवढा वेळ मला मजा वाटली.

मग तू आतून आलीस. पांढरा एप्रन, केस बांधलेले, हातात पेले. आम्हाला बघून तू दारातच थांबलीस आणि लगेच "नमस्कार, या," म्हणालीस. मनस्विनी ओरडलीच, "अगंबाई, अपेक्षा! तू इथं? आणि आई?" तू माझ्याकडं पाहिलंस. मी वर पंख्याकडं पाहिलं. आणि काहीही ठाऊक नसताना तू म्हणालीस, "बरी आहे आता, मामी." म्हणजे माझी पत्रं वाचली होतीस तर! की न वाचताच सांभाळून घेतलंस? मला अजून कळलेलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी मुद्दाम काही केलं नाही. तू पेल्यात थोडी थोडी वाइन ओतलीस, पेला कसा फिरवायचा ते दाखवलंस, वास घ्या, तोंडात घोळवा, आणि मग म्हणालीस, "गिळायची नसेल तर या भांड्यात टाका." अगं, माझ्या घरी पानात टाकून मी कुणाला उठू देत नाही. तू तीन वर्षं राहिली आहेस. तोंडातलं बाहेर टाकायचं, तेही चारचौघांत? मी गिळली. बरोबर ती बिस्किटं आणि चीजचे तुकडे होते, ते माझ्या उपासाला चालत नाहीत. द्राक्षं चालतात. म्हणून मी बिस्किटं बाजूला सारली आणि वाइन प्यायले. आता हसू नकोस, तेव्हा मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. सकाळपासून पोटात फक्त एक केळं होतं.

तुझ्या सासऱ्यांनी तर तू ओतायला लागल्याबरोबर उजव्या हाताचा तळवा पुढं केला, तीर्थ घेतल्यासारखा. तू हसली नाहीस, हळूच त्यांच्या हातात पेला दिलास. त्यांनी एक घोट घेतला, काढा प्यायल्यासारखं तोंड केलं आणि पेला माझ्याकडं सरकवला. मनस्विनीनं अर्धा पेला ठेवला, फोटो काढून झाला होता तिचा. वाया कशाला घालवायचं म्हणून तेही मीच संपवलं. दर खेपेला. पहिली पांढरी आंबट आहे, ती मला आवडली नाही. गुलाबी बरी. लाल मात्र चांगली आहे. नंतर घशात जरा गरम लागतं.

मग तू टाकीतली अजून बाटलीत न भरलेली वाइन आणायला आत गेलीस. तेव्हा चिन्मय माझ्या कानाशी वाकला. मला वाटलं, आता म्हणेल की आई, किती शहाणी आहे ही, आपली लाज राखली. तर म्हणाला, "पाहिलंस? अजून आपलीच आहे. कसं सांभाळून घेतलं! थोडं अजून ताणलं की येईल गुपचूप."

तू केलेल्या उपकाराचा त्यानं हा अर्थ काढला. मी पेला खाली ठेवला. तेवढ्यात दारातून, वाइनरीत द्यायला आणलेली मोसंब्यांची पाटी कमरेवर घेऊन तुझी आई आली.

तुझ्या आईनं तुला सांगितलंच असेल, पण माझ्या बाजूनं ऐक. मनस्विनी खुर्चीवरून उठली. "अहो, तुम्ही कशाला उठलात! बसा, बसा!"

सारजाबाईंनी पाटी खाली ठेवली. "उठू नको तं काय करू? निजून ऱ्हाऊ?"

"पण तुमची तब्येत..."

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? सकाळधरनं बागेत व्हते म्या. कोन म्हनलं तुमाला?"

श्रीरंगनं माझ्याकडं पाहिलं. मनस्विनीनं चिन्मयकडं पाहिलं. चिन्मयनं पेला उजेडात धरून वाइनचा रंग पाहिला. मी म्हटलं, "लवकर उतार पडला, देवाची कृपा." तुझ्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला जागच्या जागी घाम फुटला. पण बाई मनानं मोठी आहे. चार मोसंब्या उचलून माझ्या पदरात टाकल्या आणि म्हणाली, "घ्या इहीणबाई. तुमचंच त्वांड लई उतरलंय." आणि निघून गेली.

मी तोंडावर पाणी मारायला उठले. जमीन जरा हलत होती. तू टॉवेल घेऊन आलीस. मला वाटलं, आता बोलशील. बोललीसही. "आई, तुम्हाला इथं यायला चाललं?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं?" तर म्हणालीस, "नाही, वाइन करणारा हात तुमच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात चालत नाही ना, म्हणून विचारलं." आणि टॉवेल खुंटीला लावून गेलीस.

मला वाटलं, ही मला काय बोलली? आणि का बोलली?

परतीच्या वाटेवर मी चिन्मयला विचारलं. आधी हळू विचारलं. तो म्हणाला, "घरी बोलू." मग मोठ्यानं विचारलं. श्रीरंग म्हणाला, "ताई, पाणी पी." मी पाणी प्यायले आणि आणखी मोठ्यानं विचारलं. मग मी थांबलेच नाही. मनस्विनीला सगळं सांगितलं. सारजाबाई ठणठणीत आहेत, ही मुलगी सेवेला नाही, रागावून गेली आहे, हा माझा मुलगा नऊ महिने तुमच्याशी आणि सगळ्या नातेवाइकांशी खोटं बोलतोय आणि मी "हो ना" म्हणतेय. मनस्विनी म्हणाली, "ताई, काचा खाली आहेत." मी म्हटलं, राहू देत, आडूळच्या लोकांनाही कळू दे.

शेवटी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "मग काय सांगायचं होतं तिला? मला आवडत नाही म्हटलं की ती वाद घालते. हे का, ते का, तू स्वतः पितोस ते चालतं का. आईला चालत नाही म्हटलं की गप्प बसते. तुझा मान ठेवते ती."

ऐकलंस? तू माझा मान ठेवतेस हे त्याला बरोबर ठाऊक होतं, आणि त्याचाच त्यानं वापर केला. माझं नाव पुढं करून त्यानं तुला माझ्याच घरातून घालवलं, आणि वर मलाच म्हणत राहिला, आई, तू यात पडू नकोस!

तुझे सासरे कुणाच्या भांडणात एक शब्द बोलत नाहीत. काल बोलले. "चिन्मय, हे फार वाईट केलंस," म्हणाले. पुढं घरापर्यंत मनस्विनीनं फोटोसुद्धा काढला नाही.

म्हणून स्पष्ट लिहिते, जपून ठेव. मी असं कधीही म्हणाले नाही. ना चिन्मयजवळ, ना कुणाजवळ. माझ्या मनातही आलेलं नाही. तुझ्या वाइनरीबद्दल मी काही बोलले नाही, कारण कुणी मला काही विचारलंच नाही.

आणि आता तुझ्यावरचा राग. तीन वर्षं माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या लाटल्यास. माझ्या मिठाच्या अंदाजाला नावं ठेवलीस, माझी गॅसची शेगडी ओट्यावरून उतरवून इंडक्शन घ्यायला लावलंस, माझ्याशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडलीस. आणि एवढी मोठी गोष्ट तुला माझ्या तोंडावर येऊन विचारता आली नाही? "आई, तुम्ही असं म्हणालात का?" एवढंच तर विचारायचं होतं. मी असली सासू आहे असं तुला इतक्या सहज पटलं, याचं मला काल रात्रीपासून फार वाईट वाटतंय. रागही येतोय. दोन्ही येतंय.

उत्तर दे. या वेळी नुसत्या मोसंब्या पाठवू नकोस.

पद्मजा


१० नोव्हेंबर

अपेक्षा,

तुझं पत्र मिळालं. एवढी शिकलेली मुलगी, आणि पत्र पाच ओळींचं! पण पाचवी ओळ वाचून मी खुर्चीवर बसले आणि श्रीरंगचं घड्याळ मला उठायला सांगत राहिलं, तरी उठले नाही. तू विचारलंयस, "आई, मग मी परत यावं असं तुम्हाला वाटतं का?"

हेच तू पाडव्याच्या आधी विचारलं असतंस तर मी पत्र लिहिलं नसतं, गाडी करून आले असते. तुझे सासरे म्हणतात, आता विचार करून उत्तर दे. मी विचार केला, आणि विचार करून करून माझं डोकं फिरायची वेळ आली, कारण मला हवं असलेलं उत्तर आणि खरं उत्तर एक येईना.

खरं उत्तर असं आहे, येऊ नकोस.

आता कारण ऐक, आणि शेवटपर्यंत वाच. पहिल्या ओळीवर रुसून पत्र फेकून देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पाहुणे गेल्यावर मी चिन्मयला समोर बसवलं. मला वाटलं होतं, पोरगा मान खाली घालेल. चुकलो म्हणेल. मग मी त्याला हाताला धरून पाचोडला आणीन, तुझ्या आईबापांसमोर उभा करीन. मी भजनी मंडळाच्या सहलीलाही नाही म्हणून सांगितलं होतं त्यासाठी. तर तो म्हणाला, "ठीक आहे आई, झालं ते झालं. आता तूच तिला लिही की तुला सगळं चालतं. ती येईल. बाकी मी बघतो."

मी विचारलं, "बाकी म्हणजे काय?"

"म्हणजे येऊ दे तर खरं. एखादं वर्ष करेल नोकरी. मग मूल झालं की आपोआप सुटेल. तेव्हा तू सांग, लेकराला टाकून कुठं रोज बीड रोडनं जातेस म्हणून. तुझं ऐकेल ती."

म्हणजे माझं नाव त्यानं पुढच्या वर्षासाठीही राखून ठेवलंय. मला न विचारता! माझ्या पोटचा मुलगा, दिसायला माझ्यासारखा, पोळीला तूप कमी पडलं तर अजून मला हाक मारतो. आणि त्याला कळत नव्हतं की तो काय बोलतोय. खोटं बोलताना निदान माणसाला माहीत असतं की आपण खोटं बोलतोय. याला तेही माहीत नाही.

मी त्याला सांगितलं, मी असं काही लिहिणार नाही. तर म्हणाला, "मग तुला ती परत यायला नकोय का?"

अगं, मला हवी आहेस तू. मला इतकी हवी आहेस की तोंडानं सांगता येत नाही. तू गेल्यापासून या घरात मला उलट बोलणारं कुणी नाही. भाजी खारट झाली तर सगळे मुकाट्यानं खातात. दुपारी चहा करते तो अजून दोन कपांचा होतो आणि एक ओतून देते. वाया घालवत नाही म्हणते खरी, पण तो मला पिववत नाही. तू आलीस तर हे सगळं थांबेल. माझं भलं होईल. पण तुझं होणार नाही, आणि मी तुला माझ्या सोयीसाठी बोलावणार नाही. एकदा त्यानं माझ्या नावानं तुला घालवलं, दुसऱ्यांदा मीच माझ्या नावानं तुला आणून त्याच्या हातात द्यायचं, हे मला जमणार नाही.

तो सुधारणार नाही असं मी म्हणत नाही. आई आहे मी, मला तसं म्हणवत नाही. पण सुधारला तर तो एकटा पाचोडला येईल. माझं नाव घेणार नाही, सारजाबाईंच्या कमरेचं नाव घेणार नाही. "मला आवडत नव्हतं, मी खोटं बोललो," असं स्वतःच्या तोंडानं म्हणेल, आणि तू वाद घातलास तर उठून न जाता ऐकेल. तसं झालं तर तू ठरव. नाही झालं तर तेही तूच ठरव, आणि कागदावर सही करायची वेळ आली तर कर. मी कुणाच्या बाजूनं कोर्टात येणार नाही, पण मला कुणी विचारलं तर खरं सांगेन.

आणि एक. तो येवो न येवो, सही होवो न होवो, माझं-तुझं नातं त्याच्यावर अवलंबून ठेवायचं मला आता बंद करायचंय. जानेवारीत तुमची द्राक्षं उतरवायला सुरुवात होईल असं तू त्या दिवशी सांगत होतीस. तेव्हा मी येणार आहे. सारजाबाईंकडं राहीन. त्यांना माझी अडचण होणार असेल तर त्यांनी तसं तोंडावर सांगावं, त्या सांगतीलच. मला काम द्या, मला नुसतं बसता येत नाही. या वेळी भरपूर जेवून येईन.

हे पत्र मी आत्ताच चिन्मयला वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून. माझ्या नावावर काय जातंय हे या वेळी त्याला आधी कळावं म्हणून. मधे दोनदा उठायला लागला, मी बस म्हटलं. वाचून झाल्यावर मी चष्मा काढला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोललाही.

"आई," म्हणाला, "हे तिला पाठवू नकोस."

पोस्टातली पेटी साडेचारला उघडतात. तिकीट घरात होतं, लावलं आहे. चपला घालते आणि निघते.

पद्मजा